कॅनेलमधून मराठी एसएमएस: मोडेमवर प्रश्नचिन्हं, एसएमपीपीवर काहीच नाही

सांजवात:
उबुंटूवर कॅनेल १.५ (एसएमएस पाठवणारं गेटवे सॉफ्टवेअर) आहे. दूध संकलन केंद्रातून शेतकऱ्यांना रोज लिटर, फॅट, दर, रक्कम असा मराठी मेसेज पाठवायचाय. १३०१३ पोर्टवर सेंडएसएमएसची लिंक उघडली की "ॲक्सेप्टेड फॉर डिलिव्हरी" येतं. जीएसएम मोडेममधून पाठवलं तर फोनवर नुसती प्रश्नचिन्हं. ऑपरेटरच्या एसएमपीपी जोडणीवरून (मोडेमशिवाय, नेटवर्कवरून थेट ऑपरेटरकडे मेसेज द्यायची पद्धत) तर काहीच पोचत नाही. डीएलटीवर (व्यावसायिक मेसेजच्या नोंदणीचं पोर्टल) टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा ठरलेला मजकूर, मंजूर आहे. शेतकऱ्यांना त्रास न देता चाचणी कशी घ्यावी?

आडवाट:
हे दोन वेगळे दोष आहेत. प्रश्नचिन्हांचं कारण कोडिंग, म्हणजे अक्षरं आकड्यांत मांडायची पद्धत. काहीच न सांगितल्यास कॅनेल सात बिटी जीएसएम वर्णमाला धरतं, आणि तिच्यात देवनागरी नाही. लिंकमध्ये कोडिंग=२ (युनिकोड) आणि कॅरसेट=यूटीएफ-८ द्या.

मग एका मेसेजची मर्यादा १६० अक्षरचिन्हांची ७० होते. लांब मेसेज तुटला की जोडणीची माहिती ६ बाइट खाते, म्हणून प्रत्येक तुकड्यात ६७. मोजताना काना, वेलांटी, हलन्त सगळं सुटं धरा: "क्षी" म्हणजे ४. एक जरी देवनागरी अक्षर असलं तरी अख्खा मेसेज याच हिशोबात जातो. इंग्रजी मेसेजमध्ये ₹ टाकलं तरी तेच. "रु." लिहा.

तिसरा_पहर:
ते "ॲक्सेप्टेड" फक्त कॅनेलचं असतं, ऑपरेटरचं नव्हे. डीएलआर (पोचेचा अहवाल) मिळायला डीएलआर-मास्क=३१ ठेवा आणि डीएलआरच्या लिंकवर येणारा आकडा बघा: ८ म्हणजे ऑपरेटरने घेतला, १६ नाकारला, १ पोचला, २ पोचला नाही. ८ नंतर २ आला तर आधी डीएलटीकडे बघा.

एसएमपीपीवर संस्थेचा आयडी टीएलव्ही (मेसेजसोबत जाणारा जादा रकाना) १४०० मध्ये आणि टेम्प्लेटचा १४०१ मध्ये जावा लागतो, दोन्ही टॅग (रकान्यांचे क्रमांक) हेक्समध्ये, म्हणजे सोळा-आधारी अंकांत. कॉन्फिगमध्ये एसएमपीपी-टीएलव्हीचे दोन गट लिहा, आणि पाठवताना मूल्यं लिंकमधल्या मेटा-डेटामधून द्या.

मराठीत खरा घोळ "शेतकऱ्यां"मधल्या ऱ चा. काही कीबोर्ड तो एका संकेताने लिहितात, काही र आणि नुक्ता असे दोन वापरतात. पडद्यावर फरक दिसत नाही, मंजूर टेम्प्लेटशी जुळवताना मात्र मजकूर वेगळा ठरू शकतो. मंजूर टेम्प्लेट हाताने पुन्हा टाइप करू नका, पोर्टलवरूनच कॉपी करा. जादा स्पेसही तपासा.

आडवाट:
चाचणीसाठी कॅनेलच्या सोर्समध्येच फेकएसएमएससी, म्हणजे ऑपरेटरचं नकली मेसेज-केंद्र, आहे. कॉन्फिगच्या एसएमएससी गटात प्रकार फेक, पोर्ट १०००० ठेवा. बाहेर काहीच जात नाही, मेसेजचे तुकडे किती पडतात ते कळतं. टीएलव्ही मात्र तिथे तपासता येत नाहीत. त्यासाठी एसएमपीपीसिम हा नकली एसएमपीपी सर्व्हर २७७५ पोर्टवर चालवा आणि लॉगमध्ये दोन्ही टॅग शोधा. मग खऱ्या जोडणीवर स्वतःचेच दोन-तीन नंबर, शक्यतो वेगवेगळ्या ऑपरेटरचे.

सगळ्यांना एकदम पाठवताना हेक्स ५८ ही एरर दिसली तर वेग जास्त होतोय. कॉन्फिगमधल्या थ्रूपुटमध्ये (पाठवायच्या वेगाची मर्यादा) करारातला दर सेकंदाचा आकडा घाला. लांब मेसेजचा प्रत्येक तुकडा त्यात वेगळा मोजला जातो.