पोथीतला हिंगूळ काळा पडतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या रत्नागिरीच्या घरात पणजोबांच्याही आधीची एक हस्तलिखित पोथी आहे. पहिल्या पानावर गणपती, आत अध्यायांची नावं आणि दंड (ओळीअखेरच्या उभ्या रेघा) लाल शाईत. बारा वर्षांपूर्वी काकांनी हौसेने ते पहिलं पान फ्रेम करून ओटीवर लावलं, बरोबर खिडकीसमोर. परवा भिंती रंगवायच्या म्हणून फ्रेम उतरवली आणि पोटात गोळाच आला. गणपतीचं लाल सोवळं राखाडी-काळं झालंय. माउंटखाली, म्हणजे फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली बोटभर पट्टी मात्र अजून कुंकवासारखी लाल! रुमालात बांधलेल्या बाकीच्या पानांवरची अक्षरंही काल लिहिल्यासारखी आहेत.

आजी या रंगाला हिंगूळ म्हणायची. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक, वजनात सुमारे ८६ टक्के पाराच. तो उजेडात काळवंडतो हे फार जुनं दुखणं आहे. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने लिहून ठेवलंय की फॅबेरियस नावाच्या लेखनिकाने घराच्या भिंती हिंगुळाने रंगवून घेतल्या आणि तीस दिवसांत त्यांचा रंग बिघडला. पाँपेईतल्या भिंतींवरही तेच झालं, आणि तिथे उजेडाबरोबर क्लोराइडचाही (मिठात असतं तेच) हात असल्याचं अभ्यासकांना आढळलं. आमच्या ओटीवर तर दिवसभर समुद्राचा खारा वारा असतो. हे वाचल्यापासून मला चैन नाही.

पण शेंदूरही, म्हणजे शिशाचं ऑक्साइड, काळा पडतो. शिवाय हिंगूळ महाग म्हणून त्यात शेंदूर मिसळायची चाल जुनीच. झाकलेल्या पट्टीला केशरी झाक अजिबात नाही, म्हणून मी हिंगूळ धरून चाललोय. जाणकारांनी सांगावं.

फ्रेमवाला म्हणतो, "रसायनाने पुसून लॅमिनेट करून देतो." मी साफ नाही म्हटलं. काळं झालेलं पुन्हा लाल होत नाही, असं वाचलंय. ते खरं असेल तर निदान उरलेलं तरी वाचवायचं आहे. अतिनील किरण अडवणारी काच लावून भागेल, की हिंगुळाला साधा उजेडही बाधतो?

एक्स-रे फ्लुरोसन्स तपासणीत रंग न खरवडता पारा की शिसं ते कळतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, पुण्यात भांडारकर संस्था आहे. घरगुती पोथीचं एखादं पान तिथे कुणी दाखवलंय का? आधी काय विचारावं लागतं, खर्च साधारण किती येतो?

आणखी एक. आतल्या पानांवर चुकलेल्या अक्षरांवर खरोखरचा पिवळा हरताळ फासलेला आहे. (वाक्प्रचार आयुष्यभर वापरला, वस्तू प्रथमच पाहिली!) त्यात आर्सेनिक असतं. एकीकडे पारा, एकीकडे हे; पानं उलटताना हातमोजे पुरेत का? घरात लहान मुलं आहेत.

सध्या ते पान आम्लविरहित कागदात ठेवून कपाटात अंधारात ठेवलंय. पुढच्या महिन्यात मुंबईला यायचं आहे. त्याआधी कळलं तर बरोबर घेऊन येईन.