शब्दचर्चा : इंटरनेट गव्हर्नन्सला ‘शासन’ म्हणावं की ‘कारभार’?

घोडबंदरकर :
ठाणे-नवी मुंबईतल्या अधिकाऱ्यांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी मराठी वाचनसाहित्य तयार होतंय. विषय डिजिटल धोरण आणि इंटरनेट गव्हर्नन्स. मसुद्यात सगळीकडे ‘इंटरनेट शासन’ छापलंय. शिवाय ‘मल्टिस्टेकहोल्डर’ला ‘बहुहितसंबंधी’ आणि ‘मल्टिलॅटरल’ला ‘बहुपक्षीय’. छपाईला जाण्याआधी मतं हवीत.

बेलापूर_परिभाषा :
‘शासन’ काढाच. आपल्याकडच्या अधिकाऱ्याला शासन म्हणजे मंत्रालय. शासन निर्णय, शासन परिपत्रक, ‘प्रस्ताव शासनास सादर’. ‘इंटरनेट शासन’ वाचून तो धरून चालतो, की हा ‘आपले सरकार’सारख्या ऑनलाइन दाखल्यांचा विषय. ते ई-गव्हर्नन्स झालं.

2005च्या ट्युनिस कार्यसूचीतला (संयुक्त राष्ट्रांच्या माहिती-समाज शिखर परिषदेचा दस्तऐवज) 34वा परिच्छेद सरकारं, खासगी क्षेत्र आणि नागरी समाज अशा तिघांची नावं घेतो. तिघांनी ‘आपापल्या भूमिकेत’ राहून इंटरनेटची वाढ आणि वापर ज्यांनी ठरतो ते संकेत, नियम आणि निर्णयपद्धती घडवायच्या. लगेच 35वा परिच्छेद सांगतो, की इंटरनेटशी निगडित सार्वजनिक धोरण ठरवणं हा राष्ट्रांचा सार्वभौम अधिकार. सगळी ओढाताण या दोन परिच्छेदांमध्ये आहे, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी छापा. एकच दिला तर वाचणारा निम्माच वाद शिकतो.

‘कारभार’ घ्या. सोसायटीचाही कारभार असतो, देवस्थानचाही. तो सरकारनेच करावा असं त्या शब्दात कुठे नाही.

तलावपाळी :
‘हितसंबंधी’ला वास येतो हो! हितसंबंध गुंतलेले असतात, जपले जातात, उघडकीस येतात. ‘भागधारक’ म्हटलं की शेअर बाजार. ‘संबंधित घटक’ साधा आहे, कार्यालयात रुळलेलाही आहे. ‘बहुपक्षीय’ ऐकून निवडणूक आठवते, ‘बहुराष्ट्रीय’ ऐकून कंपन्या. त्यापेक्षा सरळ ‘सरकारांची बैठक’ आणि ‘सर्व घटकांची बैठक’ लिहा.

फरक उदाहरणाने पटतो. 2012च्या दुबईतल्या जागतिक दूरसंचार परिषदेत आंतरराष्ट्रीय दूरसंचार नियमावलीवर सह्या करायच्या होत्या त्या सरकारांनी. 89 देशांनी केल्या, भारताने केली नाही. आयकॅनमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेत, मात्र सरकारं सल्लागार समितीत बसतात. त्यांचा एकमताचा सल्ला फेटाळायला संचालक मंडळाची 60 टक्के मतं लागतात, पण शेवटी तो सल्लाच.

ऐरोली_नाका :
चुकीच्या शब्दाने पत्र चुकीच्या दारात जातं, हे सराव म्हणून घालून द्या. समजा, महापालिकेच्या नावाने मालमत्ता कर भरून घेणारी बनावट साइट निघाली. ‘इंटरनेटचं शासन’ डोक्यात बसलेला माणूस आयकॅनला लिहितो. आयकॅन साइट ठेवतही नाही, उतरवतही नाही. तिचा करार नावं विकणाऱ्या आणि नोंदवणाऱ्यांशी असतो.

आधी पूर्ण पत्ता, तारीख-वेळ दिसणारं चित्र आणि नागरिकाला आलेला मेसेज जसाच्या तसा जपून ठेवायचा. मग आरडॅप शोधात, म्हणजे नाव कुणाकडे नोंदलंय ते दाखवणाऱ्या ऑनलाइन शोधात, साइटचं नाव घालायचं : रजिस्ट्रार (नाव विकणारा) कोण, नाव कधी घेतलं, तक्रारीचा ईमेल कोणता. नाव चार दिवसांपूर्वीचं असेल तर रजिस्ट्रारकडे जा. दहा वर्षांचं जुनं असेल तर बहुधा कुणा दुकानाची किंवा शाळेची साइट फोडून आत पान टाकलेलं असतं. तेव्हा नाव बंद करायला लावलं तर त्या शाळेचे ईमेलही बंद पडतात. अशा वेळी लिहायचं होस्टिंगवाल्याला, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवलीय त्याला, एवढं पान काढा म्हणून.

‘सदर संकेतस्थळ बनावट असून तात्काळ बंद करावे’ या एका ओळीवर परदेशी रजिस्ट्रार हलत नाही. 5 एप्रिल 2024पासून आयकॅनच्या करारानुसार फिशिंगचा (बनावट साइटने फसवून पैसे किंवा माहिती काढण्याचा) कारवाईजोगा पुरावा मिळाल्यावर रजिस्ट्रारला पावलं उचलावीच लागतात, पण पुरावा आपणच द्यायचा. आणि .कॉमसारख्या नावांचा हा करार .इनला लागू नाही, तिथे .इनची नोंद ठेवणारी निक्सी.

समांतर दोन गोष्टी. सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा यंत्रणा) एप्रिल 2022च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचं, सरकारी कार्यालयांनीही. नागरिकाचे पैसे गेले असतील तर 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. हे साइट उतरण्याची वाट पाहत थांबवू नका.

‘ज्युरिस्डिक्शन’ला ‘हद्द’ नको. ऐरोली ठाणे जिल्ह्यात, पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं. एवढ्यातच दोन उत्तरं होतात, त्यात सर्व्हर इथला आणि रजिस्ट्रार परदेशी. ‘अधिकारिता’ लिहा आणि दर वेळी ‘कशावरची’ ते लिहा : नावावरची, सर्व्हरवरची की माणसावरची.

बेलापूर_परिभाषा :
मसुदा-वाचनाच्या तासासाठी आणखी एक. आंतरराष्ट्रीय मसुद्यातल्या ‘शुड’चं भाषांतर ‘करावे’ केलंत तर घात होईल. आपल्या परिपत्रकात ‘कार्यवाही करावी’ हा आदेश असतो. तिथे ‘शुड’ म्हणजे शिफारस. ‘करणे अपेक्षित आहे’ लिहा आणि ‘शल’साठी ‘करणे बंधनकारक राहील’ राखून ठेवा.

तसंच चौकोनी कंस. वाटाघाटीच्या मसुद्यात चौकोनी कंसातला मजकूर म्हणजे अजून एकमत नाही. मराठीत कंस म्हणजे जादा खुलासा, म्हणून स्वच्छ प्रत काढणारा ते सफाईने काढून टाकतो. वर टिप्पणी जाते ‘मान्य’ म्हणून, आणि पुढच्या फेरीत आपल्याच शिष्टमंडळाला माघार घ्यावी लागते. सरावाच्या कागदावर असे दोन-तीन कंस मुद्दाम ठेवा, कितीजण पुसतात बघा.

घोडबंदरकर :
‘कारभार’, ‘संबंधित घटक’, ‘अधिकारिता’ घेतले. आता ‘रजिस्ट्रार’ला ‘निबंधक’ करू का? भाषांतरकाराचा आग्रह आहे.

ऐरोली_नाका :
नको. निबंधक म्हटलं की मुद्रांक शुल्क आणि दस्त नोंदणीची रांग. ‘रजिस्ट्रार’ आणि ‘रजिस्ट्री’ तसेच ठेवा. पहिल्यांदा येतील तिथे एक ओळ द्या : रजिस्ट्रार नाव विकतो, रजिस्ट्री .इनसारख्या एका शेपटाखालच्या सगळ्या नावांची मूळ नोंद ठेवते.