स्वगत की जनांतिक? रोमिओ नक्की कुणाशी बोलतोय

कृष्णाकाठ:
मंडळी, एक शंका आहे. सांगलीत आमच्या ग्रुपची रोमिओ ज्युलिएटमधल्या शेवटच्या कबरीतल्या प्रवेशाची तालीम चाललीय, स्क्रिप्ट कुणाच्यातरी जुन्या वहीवरनं टाईप केलेली, आणि रोमिओच्या विष प्यायच्या आधीच्या त्या लांबलचक बोलण्याला कंसात (स्वगत) असं दिलंय. पोरगं ते वाचून तडक पुढं आलं आणि प्रेक्षकांकडं तोंड करून सुरूच झालं, मागं ज्युलिएट सतरंजीवर पडलेली तिच्याकडं बघायलाच तयार नाही. आता तो तिच्याशीच बोलतोय म्हटल्यावर हे स्वगत कसं? जनांतिक म्हणायचं का?

अजिंक्यतारा:
जनांतिक तर अजिबात नाही ओ. आपण आजकाल प्रेक्षकांकडं वळून हळूच बोललेल्या वाक्याला सरसकट जनांतिक म्हणतो, पण मूळ अर्थ वेगळा आहे. जन अधिक अंतिक, अंतिक म्हणजे जवळ, म्हणजे चारचौघांच्या देखत दोघांनी आपसात कुजबुजायचं आणि बाकीच्यांना ऐकू गेलं नाही असं मानायचं. त्यासाठी हाताची त्रिपताक मुद्रा असते, अनामिका वाकवायची, बाकी बोटं सरळ. शाकुंतलात पहिल्या अंकात सख्या राजासमोरच त्याच्याबद्दल बोलतात ते जनांतिक. स्वगत, म्हणजेच आत्मगत, ते मनातलं, रंगमंचावर कुणीच ऐकत नाही. तुमच्या रोमिओला दोन्ही लागू नाही.

भडंगप्रेमी:
मग आकाशभाषित?

अजिंक्यतारा:
नाही, त्यात समोरचा माणूस रंगमंचावर नसतोच, 'काय म्हणालास?' असं आपणच विचारून आपणच उत्तर द्यायचं. इथं ज्युलिएट चांगली समोर पडलेली आहे की.

हळदबाजार:
मला वाटतं नावावर अडू नका, तो कुणाकुणाशी बोलतो ते आधी मोजा. आधी पॅरिस, ज्युलिएटशी लग्न ठरलेला, ज्याला त्यानंच आत्ता मारलंय. मग ज्युलिएट. मधेच बाजूला कफनात पडलेल्या टिबॉल्टला, म्हणजे ज्युलिएटच्या नात्यातल्या भावाला, हाक मारतो. परत ज्युलिएट. मग स्वतःच्या डोळ्यांना सांगतो शेवटचं बघून घ्या, हातांना सांगतो शेवटची मिठी मारा, आणि शेवटी विषाशी बोलतो. प्रत्येक वेळी मान कुठं वळवायची ते त्या ओळीतच लिहिलंय, अन तुमचं पोरगं बघतंय प्रेक्षकांकडं! ज्यांच्याशी बोलतोय त्यातलं कुणीच ऐकत नाही, पण त्यातली एकच जिवंत आहे आणि ते फक्त आपल्याला माहितीय, कारण 42 तास मेल्यासारखं निपचित पाडणाऱ्या औषधाचं, जे ती पिते, आपण चौथ्या अंकातच ऐकलेलं असतं. तो म्हणतो तुझ्या ओठांवर अजून लाली आहे, आणि खुर्चीत बसलेला माणूस मनात ओरडतो, अरे म्हणजे ती जिती आहे, थांब! याला पुस्तकात नाट्यगत उपरोध म्हणतात, हा शब्द मला कधीच पटला नाही. आपल्याकडं उपरोध म्हणजे टोमणा, इथं कोण कुणाला टोमणा मारतंय? त्यापेक्षा 'प्रेक्षकाला ठाऊक, पात्राला नाही' असं सरळ लिहावं, लांब झालं तरी चालतंय.

कृष्णाकाठ:
हे भारी सांगितलंत. कंसातलं स्वगत खोडलं, आता प्रत्येक तुकड्यापुढं (पॅरिसला), (ज्युलिएटला), (टिबॉल्टला) असं पेन्सिलनं लिहिलंय. काल ओठांच्या ओळीला पोरगं इतकं जवळ वाकलं की ज्युलिएट फिस्सकन हसली. आता ह्याला काय म्हणायचं ते सांगा.