मदत हवी आहे: 'स्पायडर-व्हर्स'चा दुसरा भाग पाहून पोलिसाचं पोर धास्तावलंय

नमस्कार मंडळी,

'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' पाहिलेल्यांकडून मदत हवी आहे, त्यातही ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांच्याकडून. खाली सगळी गोष्ट फोडली आहे, त्यामुळे पाहायचा राहिला असेल तर आधी पाहून या.

माझा भाचा चौथीत आहे. त्याचे बाबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, सोलापुरात पोलीस हवालदार. खात्यांतर्गत परीक्षा पास होऊन आता फौजदार होणार आहे. यादी लागली तेव्हा घरात पेढे वाटले होते आणि याच पोरानं अख्ख्या गल्लीत डबा फिरवला होता.

सध्या गड्डा चालू आहे. बाहेरगावच्यांसाठी सांगते, संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा असते. सात नंदीध्वजांची मिरवणूक, सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचा होमविधी, त्यानंतर शोभेचं दारूकाम, आणि मैदानावर पाळणे आणि दुकानं तर त्यापुढेही कितीतरी दिवस. या काळात पोलिसाच्या घरातला माणूस घरी येतो तो फक्त वर्दी बदलायला आणि दोन घास खायला. वहिनीला सोबत म्हणून मी त्यांच्याकडे राहायला आलेय.

शनिवारी रात्री गल्लीतली पोरं जमली आणि टीव्हीवर हा सिनेमा लावला, हिंदीतून. पहिला भाग सगळ्यांनी पाहिलेला, त्यामुळे आधीपासूनच कल्ला. मुंबॅटन, म्हणजे मुंबई आणि मॅनहॅटन मिळून बनवलेलं सिनेमातलं शहर, आलं तेव्हा तर पोरं सतरंजीवर बसेनात. केस उडवत रिक्षा-बसच्या गर्दीवरून झोके घेणारा तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर, आणि त्याला हिंदीत शुभमन गिलचा आवाज! सोलापूरच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागातून आलेल्या एका मुलानं आधीच तेलुगूत पाहिला होता, तो पुढचं सांगत होता आणि बाकीचे त्याच्यावर खेकसत होते. माइल्स हा सिनेमाचा नायक, शाळकरी स्पायडर-मॅन; गच्चीवर त्याची आई त्याला जवळ घेऊन बोलते, त्या प्रसंगाला वहिनीनं हातातली भाजी बाजूला ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला. मला स्वतःला ग्वेनच्या, म्हणजे माइल्सच्या दुसऱ्या जगातल्या स्पायडर-मैत्रिणीच्या, जगाचे रंग फार आवडले. बाप-लेकीचं बोलणं जसं वळेल तसे भिंतींवरचे रंग ओघळतात, इतकं देखणं काम मी कार्टूनपटात पाहिलं नव्हतं. शेवटी 'पुढील भागात' अशी पाटी आली तेव्हा कॉलेजला जाणारा एक जण जाम चिडला. सव्वादोन तास बसवून अर्ध्यावर सोडतात का, म्हणाला.

बारका, म्हणजे माझा भाचा, मात्र मधेच उठून गेला होता.

मिगेल नावाचा तो मोठा स्पायडर-मॅन माइल्सला समजावतो ना, की प्रत्येक जगात स्पायडर-मॅनच्या जवळचा एक पोलीस कॅप्टन मरतो, पडझडीत एका लहान मुलाला वाचवताना मरतो, आणि हे व्हावंच लागतं, नाहीतर सगळं जग कोसळतं? माइल्सचे बाबा पोलिसातले, आणि दोनच दिवसांत कॅप्टन होणार असतात. ते ऐकून बारका उठला, वहिनीचा फोन घेऊन आतल्या खोलीत गेला आणि बाबांना फोन लावत बसला. भाऊ बंदोबस्ताच्या पॉइंटवर होता, मिरवणुकीच्या आवाजात त्याला रिंग ऐकू गेली नाही. मी आत बारक्याजवळच थांबले. त्याला घेऊन बाहेर आले तेव्हा शेवट चालू होता: माइल्स चुकून दुसऱ्याच जगात पोचलाय आणि तिथं भिंतीवर त्याच्या बाबांचं भलंमोठं चित्र रंगवलंय, गेलेल्या माणसाचं रंगवतात तसं. म्हणजे पोरानं नियम ऐकला आणि थेट चित्र पाहिलं.

तेव्हापासून बाबा घरी आल्याशिवाय तो झोपत नाही. मला विचारलं, "आत्या, फौजदार म्हणजे कॅप्टनच ना?" यात्रेला चल म्हटलं तर नको म्हणतो, आणि हा मुलगा दरवर्षी मोठ्या पाळण्यात बसायला हट्ट धरणारा. "पाळणा पडला तर बाबा खालच्या पोरांना वाचवायला जातील," हे त्याचं वाक्य. काल वहिनी वर्दीच्या मापाचं बोलायला लागली तर कानावर हात ठेवून उठून गेला.

"अरे तो सिनेमा आहे" हे घरातल्या प्रत्येकानं सांगून झालं. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. सिनेमा खोटा आहे हे त्याला ठाऊक आहे. पण आपले बाबा पडत्या गोष्टीखाली कुणाचं पोर दिसलं तर खरोखर धावतील, हेही त्याला ठाऊक आहे, आणि ते खोटं नाही. तेव्हा त्याच्या डोक्यात जो हिशेब बसलाय त्यालाच उत्तर द्यायला हवं.

म्हणून विचारते. तुमच्या मुलांनी हा नियम कसा घेतला? गोष्टीतच त्याला काही उत्तर आहे का, की सगळं तिसऱ्या भागावर सोडलंय? आणि त्याला पुन्हा पूर्ण दाखवावा का, की विषयच काढू नये?

प्रतिसाद: कोळीवेडा

ताई, तुम्ही आत होतात तेवढ्यात सिनेमातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग होऊन गेलाय! ग्वेनला तिच्या जगात परत पाठवतात. तिचे बाबाही पोलीस कॅप्टन, म्हणजे नियमाप्रमाणे तेही जायला हवेत. कॉमिक्समध्ये ते गेलेलेही आहेत, १९७० साली, अगदी असेच: वरून पडणाऱ्या ढिगाऱ्यातून एका मुलाला वाचवताना. सिनेमात मात्र ते ग्वेनला सांगतात की मी नोकरी सोडली. आता ते कॅप्टनच नाहीत. त्या क्षणी ग्वेनच्या लक्षात येतं की नियम मोडता येतो, आणि म्हणूनच ती माइल्सला वाचवायला टोळी जमवते. मिगेलचं बोलणं ऐकून उठलेल्या प्रत्येक मुलाला हा प्रसंग दाखवायलाच हवा. सगळा सिनेमा लावू नका, ग्वेन घरी परतते तिथून लावा.

माझ्या मुलीला भीती वाटली नाही, पण मिगेलचा भयंकर राग आला. "त्याला कोणी विचारलं?" म्हणाली.

प्रतिसाद: जुना_वेताळ

आमच्या पिढीचं सांगतो. आम्ही इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलो, मराठीतून यायची. पार्क चौकात उसनी घेऊन वाचायची आणि परत करायची. त्यातल्या वेताळाचं (इंग्रजीतला फँटम) काय होतं? प्रत्येक वेताळाचा बाप मरतो, मग मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि मुखवटा चढवतो. पिढ्यान्‌पिढ्या हेच. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण त्या गोष्टी कायम मुलाच्या बाजूनं सांगितलेल्या असत, बापाच्या मरणाचं एक चित्र आणि पुढं साहस.

मुंबॅटनची चित्रशैली या इंद्रजालवरूनच घेतलीय, हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. आणि पाहताना जाणवलं की हा सिनेमा त्या जुन्या रिवाजालाच जाब विचारतोय. बाप मेल्याशिवाय मुलगा नायक होत नाही, हे कोणी ठरवलं? माइल्स नेमकं हेच मानायला नकार देतो. तुमचा भाचा माइल्सच्याच बाजूला उभा आहे. त्याला तसं सांगा.

प्रतिसाद: लाईनीतला_पोरगा

माझं बालपण पोलीस लाईनीत गेलं, वडील नुकतेच निवृत्त झाले. सिनेमाचं इतरांनी सांगितलंच, मी बंदोबस्ताचं सांगतो.

एक, "बाबांना काही होणार नाही" असं वचन देऊ नका. पोलिसाच्या पोराला ते लगेच कळतं. दोन, ठरावीक वेळेला फोनचं वचन तर अजिबात नको. बंदोबस्तात फोन हुकतोच, आणि हुकलेला फोन म्हणजे त्या वयात रात्रभराची भीती. तुमच्याकडे शनिवारी तेच झालंय.

त्यापेक्षा त्याला दिवसाउजेडी पॉइंट दाखवा. माझ्या आईनं मला नेलं होतं. बाबा एकटे नसतात हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. शेजारी जोडीदार, थोड्या अंतरावर पुढचा पॉइंट, हातात वॉकीटॉकी, मागं अग्निशमनची गाडी, रुग्णवाहिका. वडिलांनी मला बॅरिकेडचा दोर धरायला दिला आणि समजावलं की गर्दी अशी अडवायची असते म्हणजे कुणावर धावायची वेळच येत नाही. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. सिनेमातला कॅप्टन ढिगाऱ्याखाली एकटाच धावताना दिसतो. खऱ्या पोलिसाचं बरंचसं काम ढिगारा पडू नये यासाठीच चाललेलं असतं.

प्रतिसाद: रांगोळी

मी प्राथमिक शाळेत शिकवते. विषय टाळू नका. पण त्याच्या झोपेवर, जेवणावर यात्रेनंतरही परिणाम दिसत राहिला तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकाशी बोला, त्यात संकोच नको. आणि रात्री झोपायच्या आधी हे बोलणं काढू नका, दुपारी काढा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्वेनचा प्रसंग आज दुपारी आम्ही तिघांनी बसून पाहिला. बारक्यानं तो पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा पाहिला. चेहरा जरा मोकळा झाला आणि मग त्यानं विचारलं, "म्हणजे बाबांनी पण नोकरी सोडायची?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. भावानं या परीक्षेसाठी रात्रपाळ्या करून, घरी आल्यावर स्वयंपाकघरात दिवा लावून अभ्यास केलाय. आता या प्रश्नाला काय सांगू?

प्रतिसाद: कोळीवेडा

हा प्रश्न येणार हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आता मुंबॅटन दाखवा! तिथं इन्स्पेक्टर सिंग आहेत, पवित्रच्या मैत्रिणीचे वडील. नियमाप्रमाणे मरणार होते ते हेच. ते पडझडीत एका लहान मुलीला वाचवायला धावतात आणि माइल्स दोघांनाही वाचवतो. इन्स्पेक्टर सिंग नोकरी सोडत नाहीत. वर्दीत राहतात आणि जगतात.

यावर तो म्हणेल की नंतर मुंबॅटनला भोक पडलं. खरंय. मिगेल म्हणतो, नियम मोडला म्हणून पडलं. पण थोडंच आधी त्या स्पॉट नावाच्या खलनायकानं तिथलं अख्खं यंत्र उडवलेलं असतं. भोक त्यामुळं पडलं नाही हे कशावरून? मिगेलकडे पुरावा नाही. त्यानं स्वतःचं एक दुःख सोसलंय, दुसऱ्या जगातली मुलगी गमावलीय, आणि त्यातून त्यानं हा नियम सगळ्यांवर लादलाय. चौथीतल्या मुलाला हे समजतं, माझ्या मुलीला समजलं.

धागाकर्ती

हे फार कामाचं निघालं. मी काही समजावायच्या आत बारक्यानंच सांगितलं की यंत्र स्पॉटनं उडवलं. मग कागदावर बाण काढून आधी काय झालं, नंतर काय झालं ते मला दाखवत बसला. मिगेलच्या नावासमोर त्यानं मोठं प्रश्नचिन्ह काढलंय.

जुना_वेताळ, 'तू माइल्सच्या बाजूचा आहेस' असं बारक्याला सांगितलं, तर "मग मी पवित्रच्या पण बाजूचा," म्हणाला.

पॉइंट पाहायला उद्या दुपारी नेणार आहोत. भावाशी बोलणं झालं, साहेबांना विचारून थोडा वेळ भेटतो म्हणाला. पाळण्यात बसायचं की नाही ते बारका तिथं गेल्यावर ठरवणार, मी आग्रह करणार नाही. रात्री अजून जागा असतो, पण काल भाऊ यायच्या आधी सोफ्यावर डोळा लागला होता. रांगोळीताई, तुमचं म्हणणं लक्षात ठेवलंय, यात्रा संपल्यावरही असंच राहिलं तर डॉक्टरांकडे जाऊ.

एक शेवटची विनंती. तिसरा भाग जून २०२७ मध्ये येणार असं जाहीर झालंय. तोवर भाऊ फौजदार झालेला असेल आणि बारका पहिल्या दिवशीचा शो पाहायचा हट्ट धरणार हे नक्की. तुमच्यापैकी जो कुणी आधी पाहील त्यानं माइल्सच्या बाबांचं काय होतं ते मला खासगी निरोपात कळवा. त्याच्याशेजारी खुर्चीत बसायच्या आधी मला ते माहीत असायला हवं.