डॉक्टरांबद्दलच्या खऱ्या-खोट्या गोष्टी

काल कलमांत दगड उचलला तर खाली फुरसं. अंग घासत करवतीसारखा आवाज करत होतं. हात मागे घेतला आणि लहानपणचे आमचे देवगडकडचे डॉक्टर आठवले. रक्ताशी बोलतात, पलंगाखाली साप ठेवतात, आधी मिलिटरीत होते, काय काय बोलायचे लोक! मिलिटरीचं साफ खोटं. साप खरा, पण टेबलावर, फॉर्मालिनच्या बरणीत. "असलंच होतं का चावलेलं?" हे विचारायला. रक्ताशी बोलताना तर मीच पाहिलंय. बाबांना फुरसं चावलं तेव्हा कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन उभं ठेवलं, 20 मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही. मग नळी हळूच आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलं नाही, म्हणजे विष भिनलंय. लगेच सलाईनमधून लस सुरू. आई अजून म्हणते, त्यांचे ओठ हलत होते. मिनिटं मोजत असणार.
तुमच्याकडच्या डॉक्टरांचं सांगा.

– आमच्याकडे विंचवाचे डॉक्टर. इंजेक्शन नाही, नुसती गोळी, म्हणून लोक म्हणायचे मंत्र येतो. गोळी प्राझोसिन, रक्तदाबाची. लाल विंचू चावला की दरदरून घाम, हातपाय गार, कधी फुफ्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर ही गोळी चालते हे दाखवून दिलं. 2022 ला पद्मश्री मिळाली त्यांना. आजी मात्र शेवटपर्यंत "तेंका मंत्र येता" वर ठाम.

– आमचे डॉक्टर खाडी पोहून बाळंतपणाला आले म्हणतात. पोहून नाही हो, होडीतून. मग गुडघाभर चिखलातून, बॅग डोक्यावर धरून. ते बाळ मी 🙏

– कुकर लावून लिहितेय. बाबा बरे झाले ना? माझ्या चुलतभावाला आधी मांत्रिकाकडे नेलं, वर पायाला करकचून दोरी. दोन तास तिथेच गेले. राहिला नाही.

– अरेरे ताई 😔

– दोरी नकोच. पाय हलवू न देता सरळ दवाखाना.

– कलमं हापूसच ना? मोहोर कसाय यंदा?

– मोहोर बरा आहे, पण तुडतुडे पडलेत. ताई, वाचून गलबललं. बाबा 81 चे, आत्ता पडवीत सुपारी सोलतायत. डॉक्टर गेल्यावर ती बरणी शाळेला दिली घरच्यांनी. अजून कपाटात आहे, फुरसं पार पांढरं पडलंय.