झूमवर माजी विद्यार्थ्यांचा ओळख-मेळावा: नको ती माणसं आत येऊ नयेत यासाठी काय करावं?

गोदातीर

नमस्कार मंडळी. आमच्या तंत्रनिकेतनाच्या माजी विद्यार्थी संघाचा ऑनलाइन मेळावा शनिवारी संध्याकाळी घ्यायचा आहे. साधारण ८० जण, दीड तास. भाषणं नकोत. उद्योजक, नोकरदार आणि नुकतेच पास झालेले यांची एकमेकांशी ओळख व्हावी, त्यातून कामं मिळावीत, एवढाच हेतू. नाशिक-पुण्याची माणसं जास्त, काही मडगावची, आणि दुबई, लंडन, न्यू जर्सीतलीही आहेत. झूमचं १०० जणांचं प्रो खातं आहे.

निमंत्रण व्हॉट्सॲपवर जाणार, म्हणजे ते पुढे कुठे फिरेल सांगता येत नाही. बऱ्याच महिला सदस्यांनी आधीच विचारलंय की नंबर सगळ्यांना दिसणार का आणि रेकॉर्डिंग होणार का. ज्येष्ठ मंडळी मोबाइलवरून येतील, त्यामुळे त्यांना फार पायऱ्या नकोत. समितीतल्या एकाचं म्हणणं आहे की एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (बोलणं मधल्या कुणालाही वाचता येणार नाही असं कुलूपबंद करणं) चालू केलं की सगळं सुरक्षित. हे बरोबर आहे का? नेमकी सेटिंग्ज आणि क्रम सांगितलात तर बरं होईल.

कुलूपकिल्ली

एन्क्रिप्शनचं आधी सांगतो, कारण तिथेच बहुतेक समित्या अडकतात. झूमने एंड-टू-एंडची सोय ऑक्टोबर २०२० मध्ये आणली. ती चालू केली की संभाषणाची किल्ली फक्त सहभागी लोकांच्या उपकरणांवर राहते, झूमच्या सर्व्हरकडे नाही. पण ज्याच्या हातात लिंक आहे तो आत आला, तर किल्ली त्यालाही मिळतेच. तुमचा धोका फिरणाऱ्या लिंकचा आहे आणि त्यावर हा उपाय नाही. शिवाय ती चालू असताना साध्या फोनवरून डायल करून येता येत नाही. डॉक्टर-रुग्ण किंवा वकील-अशील यांच्या बोलण्यासाठी ती जरूर वापरावी. ओळख-मेळाव्यासाठी नेहमीचं एन्क्रिप्शन पुरे.

पासकोडचंही तसंच. झूमच्या लिंकमध्ये तो बहुतेक वेळा आधीच गुंफलेला असतो. लिंक फॉरवर्ड झाली की पासकोडही गेला.

म्हणून मीटिंगची लिंक कुठेही टाकूच नका, नोंदणीची लिंक टाका. प्रो खात्यात मीटिंग ठरवतानाच ‘रजिस्ट्रेशन रिक्वायर्ड’ हा पर्याय असतो. तो घेतला की मंजूर झालेल्या प्रत्येकाला ईमेलवर त्याची स्वतंत्र लिंक जाते. मीटिंग जतन झाल्यावर नोंदणीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मंजुरी ‘मॅन्युअल’ करा. एकाच नोंदणीवर अनेक उपकरणांतून येण्याच्या परवानगीची खूण काढा. नोंदणीच्या पानावरची समाजमाध्यमांची बटणंही बंद करा. फॉर्ममध्ये नाव, ईमेल, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष आणि शाखा एवढंच विचारा. वर्ष आणि शाखा संघाच्या यादीशी ताडून पाहता येते, आणि बाहेरचा माणूस बहुधा तिथेच चुकतो. आदल्या दिवशी रात्री ९ ला नोंदणी बंद करा, म्हणजे मंजुऱ्या घाईत होणार नाहीत.

मीटिंगला नवा आयडी घ्या. खात्याचा कायमचा वैयक्तिक आयडी वापरलात तर आज आलेला कुणीही पुढच्या महिन्यात तुमच्या समितीच्या बैठकीच्या दाराशी उभा राहू शकतो.

‘फक्त लॉगिन केलेलेच येतील’ हा पर्याय मी घेणार नाही. ज्येष्ठांकडे झूमचं खातं नसतं, आणि मग ऐन वेळी तुमचे चार फोन सतत वाजत राहतात.

वेटिंग रूम, म्हणजे आत घेण्याआधी थांबवून ठेवायची जागा, हवीच. मात्र हिशेब करा: एकेक नाव यादीत पाहून आत घ्यायला १० सेकंद धरले तरी ८० जणांना ८०० सेकंद, म्हणजे १३ मिनिटांहून जास्त लागतात. एकट्याने केलं तर घाई होते आणि शेवटी ‘ॲडमिट ऑल’ दाबलं जातं. ते बटण दाबलं की सगळी मंजुरी वाया. म्हणून २० मिनिटं आधी दार उघडा आणि दोन को-होस्ट (होस्टचे, म्हणजे मीटिंग चालवणाऱ्याचे, मदतनीस) बसवा. एकाने अ ते प, दुसऱ्याने पुढची नावं घ्यावीत. नोंदणीतलं आणि पडद्यावरचं नाव सारखं असावं हे निमंत्रणातच लिहा. ‘सॅमसंग ए-१४’ किंवा ‘आयफोन’ असं नाव दिसलं तर वेटिंग रूममध्येच संदेश पाठवून पूर्ण नाव विचारा.

आत आल्यावर स्क्रीन शेअर फक्त होस्टला, पडद्यावर रेघोट्या मारण्याची सोय बंद, फाइल पाठवणं बंद, काढून टाकलेल्याला परत येण्याची परवानगी बंद. यातलं बरंचसं केंद्रीय गृह मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये झूमबद्दल काढलेल्या सूचनांमध्ये होतं, आणि ते आजही लागू पडतं.

सायंतारा

दाराचं वर आलंच आहे. मला जास्त काळजी ब्रेकआउट रूम्सची, म्हणजे मीटिंगमधल्याच छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्यांची वाटते. मुख्य रूमवर पाच जणांचं लक्ष असतं, ब्रेकआउटमध्ये कुणाचंच नसतं. नोंदणी करून रीतसर आलेला माणूसही तिथे त्रास देऊ शकतो.

एका रूममध्ये चार जण ठेवा. दोघांना एकत्र टाकलं तर अनोळखी माणसासमोर एकटं बसावं लागतं, आणि सहा झाले की दोघं-तिघं गप्पच राहतात. ८० जणांच्या २० रूम होतात. फेरी १२ मिनिटांची: प्रत्येकी दीड मिनिट ओळख म्हणजे ६ मिनिटं, उरलेली ६ मोकळ्या बोलण्याची. अशा तीन फेऱ्या घ्या. मधल्या ये-जा धरून ४५ मिनिटं होतात. सुरुवातीची १० मिनिटं सूचनांना, नंतर २५ मिनिटं विषयवार रूम्स (बांधकाम, सॉफ्टवेअर, शेतीप्रक्रिया, परदेशी नोकरी, जे तुमच्यात असेल ते), जिथे माणसं आपली आपण रूम निवडतात. शेवटची १० मिनिटं सगळे एकत्र.

पहिल्या तीन फेऱ्यांना आपोआप वाटणी करा आणि दर वेळी ‘रीक्रिएट’ (नव्याने वाटणी) करा. दुसऱ्या फेरीत आधीचंच कोणी पुन्हा समोर येण्याची शक्यता साधारण नवात एक असते, तेवढं चालतं. आधीपासून नावं नेमून ठेवण्याच्या फंदात पडू नका. त्यासाठी ईमेल तंतोतंत जुळावे लागतात, आणि लोक एका ईमेलने नोंदणी करून दुसऱ्याच खात्यातून येतात.

सेटिंगमध्ये रूम १२ मिनिटांनी आपोआप बंद होण्याची वेळ लावा आणि बंद होतानाची उलटी गिनती ६० ऐवजी ३० सेकंदांची करा. साठ सेकंदांत लोक पुन्हा नवा विषय काढतात.

फिरते को-होस्ट पाच नेमा, प्रत्येकाकडे चार रूम. प्रत्येक रूममध्ये दीड-दोन मिनिटं थांबून पुढे जायचं. आत गेल्यावर ‘मी स्वयंसेवक आहे, फक्त बघायला आले/आलो’ एवढं सांगायचं, नाहीतर बोलणं थांबतं. होस्टने मात्र मुख्य रूम सोडायची नाही, कारण ‘आस्क फॉर हेल्प’ची हाक होस्टकडे येते आणि उशिरा आलेली माणसंही तिथेच उभी असतात. ते बटण मोबाइलवर कुठे सापडतं याचा एक स्क्रीनशॉट निमंत्रणासोबत पाठवा. ऐन वेळी तोंडी सांगून कुणालाही सापडत नाही.

रंगीत तालीम दोन दिवस आधी घ्या, सात-आठ जण आणि निदान तीन मोबाइल घेऊन. मुख्य रूममध्ये लावलेलं स्क्रीन शेअरचं बंधन ब्रेकआउटमध्ये टिकतं का, हे तुमच्या खात्यावर आणि तुमच्या ॲपच्या आवृत्तीवर स्वतः पाहून घ्या. सेटिंगचं पान वाचून ते गृहीत धरू नका.

वेळेबद्दल: भारतातले संध्याकाळचे ७:३० म्हणजे दुबईत ६, लंडनमध्ये उन्हाळी वेळ असताना दुपारचे ३, न्यू जर्सीत सकाळचे १०. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार या आठवड्यात ब्रिटनची घड्याळं मागे गेलेली असतात आणि अमेरिकेची नाही. मेळावा त्या शनिवारी येत असेल तर निमंत्रणात तिन्ही ठिकाणच्या वेळा वेगवेगळ्या लिहा.

चौकट

खाजगी चॅटबद्दल कुणी लिहिलं नाही. ओळख-मेळाव्यात ते बंद ठेवावं असं माझं ठाम मत आहे. चॅट ‘सर्वांसाठी’ चालू, एकमेकांना थेट संदेश बंद. गुंतवणुकीच्या योजना आणि नोकरीच्या नावाखालचे फॉर्म थेट संदेशातूनच येतात, आणि होस्टला ते दिसत नाहीत.

महिला सदस्यांच्या प्रश्नाला कार्यक्रमात नव्हे, निमंत्रणातच उत्तर द्या. निमंत्रण साध्या व्हॉट्सॲप गटातून पाठवलं तर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. कम्युनिटीच्या घोषणा-गटात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, म्हणून तो वापरा. ईमेल पाठवताना सगळे पत्ते बीसीसीत. पूर्वनोंदणी गूगल फॉर्मवर घेणार असाल तर प्रतिसादांचा सारांश दाखवण्याची सोय बंद आहे ना ते पाहा. उत्तरांची शीट ‘लिंक असलेला कुणीही’ अशी उघडी ठेवू नका. गळती बहुधा अशा शीटमधूनच होते, झूममधून नाही.

संपर्क देवाणघेवाणीसाठी मेळाव्यानंतर एक छोटा फॉर्म फिरवा: ‘माझा ईमेल/नंबर/लिंक्डइन यादीत घ्या’, तिन्हींना वेगळी खूण. ज्याने जे दिलं तेवढंच यादीत, आणि यादी फक्त त्यात सामील झालेल्यांना. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे: माहिती कशासाठी घेता ते सांगा, संमती घ्या, काम झालं की काढून टाका. नोंदणीची यादी ३० दिवसांनी पुसणार असाल तर तसं लिहा आणि खरंच पुसा.

रेकॉर्डिंग नकोच. क्लाउड रेकॉर्डिंगमध्ये मुख्य रूमच येते, ब्रेकआउट येत नाहीत, म्हणजे खरं संभाषण त्यात नसतंच. सहभागींना रेकॉर्ड करण्याची आणि चॅट जतन करण्याची परवानगीही काढा. मोबाइलने पडद्याचा फोटो काढणं कुठल्याही सेटिंगने थांबत नाही, हे लोकांना प्रामाणिकपणे सांगा. हल्ली काहींच्या नावाने टिपणं घेणारा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) वेटिंग रूममध्ये येऊन उभा राहतो. त्याला आत घेऊ नका, मालक कितीही ओळखीचा असला तरी.

रानजाई

फुकट पर्यायांचा विचार चालू असेल तर: झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत तुटते. गूगल मीटच्या मोफत खात्यावर तिघांहून अधिक असतील तर ६० मिनिटं मिळतात, पण ब्रेकआउट नाहीत. तुमचं प्रो खातं आहे तेच वापरा. फक्त १०० मध्ये होस्ट आणि स्वयंसेवकही मोजले जातात, तेव्हा मंजुऱ्या ९० वर थांबवा.

गोदातीर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. मीटिंग लॉक कधी करायची? आणि एवढं करूनही कोणी आत येऊन घाणेरडं काही दाखवू लागला तर पहिल्या दहा सेकंदांत काय करायचं?

कुलूपकिल्ली

लॉक करू नका. लॉक केल्यावर ज्याचं नेट गेलं तोही परत येऊ शकत नाही, आणि ८० जणांत पाच-सहा जणांचं नेट जाणारच. स्वतंत्र लिंक आणि वेटिंग रूम असताना लॉकची गरज नाही. फक्त शेवटची १० मिनिटं लॉक केलीत तर हरकत नाही.

त्या दहा सेकंदांत माणूस शोधत बसू नका. होस्टच्या नियंत्रणांमध्ये ‘सस्पेंड पार्टिसिपंट ॲक्टिव्हिटीज’ हे बटण आहे. ते दाबलं की सगळ्यांचा आवाज, व्हिडिओ, चॅट आणि स्क्रीन शेअर थांबतं आणि ब्रेकआउट रूम्सही बंद होतात. होस्टने आणि निदान एका को-होस्टने तालमीत ते एकदा दाबून पाहावं, नाहीतर घाईत ते सापडत नाही. मग शांतपणे त्या माणसाला काढा, झूमकडे तक्रार पाठवा आणि एकेक सोय पुन्हा चालू करा. त्या आपोआप परत येत नाहीत. एकाने स्क्रीनशॉट आणि वेळ नोंदवून ठेवावी. प्रकार अश्लील किंवा धमकीचा असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करताना ते लागतं.

काढलेला माणूस ज्या लिंकवरून आला ती नोंदणीही लगेच रद्द करा. प्रत्येकाची लिंक वेगळी असल्यामुळे ती कुणाच्या नावाची होती हे अहवालात दिसतं. त्या सदस्याला फोन करून विचारा, आरोप करू नका. बहुतेक वेळा त्याने ती सद्भावनेने भाच्याला किंवा सहकाऱ्याला पाठवलेली असते.

आणखी दोन गोष्टी. सहा अंकी होस्ट-की समितीच्या गटात टाकू नका, कारण ती ज्याच्याकडे असते तो होस्ट होऊ शकतो. आणि कार्यक्रम संपल्यावर होस्टने ‘लीव्ह’ नव्हे, ‘एंड मीटिंग फॉर ऑल’ दाबायचं. नुसतं बाहेर पडलात तर होस्टपद दुसऱ्याकडे जातं आणि रूम तशीच चालू राहते.