मदत हवी आहे: चॉकलेट मूस हलकं कसं करू?

पुढच्या रविवारी सासऱ्यांचा सत्तरावा वाढदिवस. चॉकलेट मूस म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण बायपासनंतर साय-लोणी बंद. मी करते ते फ्रेंच पद्धतीचं: 200 ग्रॅम डार्क चॉकलेट, चार अंडी, वाटीभर फेटलेलं क्रीम. आता क्रीम बाद, आणि या वयात त्यांना कच्ची अंडी द्यायची माझी छाती होत नाही.

परवा क्रीमऐवजी घरचा चक्का घातला, गाईच्या दह्याचा, रात्रभर टांगलेला. चव झकास, श्रीखंडाची चॉकलेटी बहीणच! पण वितळलेल्या चॉकलेटमध्ये फ्रीजमधला गार चक्का पडला, कोकोआ बटर जागीच गोठलं आणि सगळं रवाळ झालं. चक्का आधी बाहेर काढून ठेवू, की चॉकलेटच थोडं थोडं चक्क्यात घालू?

दुसरं म्हणजे, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्वे तीस यांची युक्ती कोणी करून पाहिलीय का? वितळलेलं चॉकलेट आणि पाणी, बर्फावरच्या भांड्यात फेटायचं, बस. 70 टक्के कोकोच्या 200 ग्रॅम चॉकलेटला पाणी किती घेता? आणि जास्त फेटलं गेलं तर पुन्हा वितळवून चालतं ना?

साखरेऐवजी खजूर मात्र सुचवू नका. एकदा करून झालंय, घरात कुणी दुसरा चमचा घेतला नाही.